आधी मोजा, मग ट्रान्सफॉर्मर मागा



उन्हाळ्यात संध्याकाळी दिवे मंदावले, एसी सुरू होताना अडखळू लागला, की आमच्या स्मृति नगरात दोनच उपाय ऐकू येतात: घरात स्टॅबिलायझर बसवा, नाहीतर मोठा ट्रान्सफॉर्मर मागा. त्याआधीचे काम मात्र राहून जाते.

चौकातला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज आपोआप सांभाळतो, हा समज चुकीचा आहे. त्याच्या वेढ्यांचे प्रमाण ठरलेले असते. 11,000 व्होल्ट आत आले तर लोड नसताना 433 बाहेर पडतात, म्हणजे एका फेजला 250. आत 10,000 च आले तर ते 250 ही 227 वर येतात. भर लोडला तीन-चार टक्के ट्रान्सफॉर्मरमध्येच जातात, पुढचे तारेत.

वेढ्यांचे हे प्रमाण थोडे बदलण्यासाठी टॅप असतो, सहसा 100 केव्हीएहून मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर. 11 केव्हीच्या बाजूचे वेढे कमी केले की बाहेरचे व्होल्टेज वाढते, एका टॅपला साधारण अडीच टक्के. पण हा टॅप पुरवठा बंद करूनच फिरवावा लागतो. चालू लोडवर बदलणारा टॅप उपकेंद्रातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला असतो. म्हणून मे महिन्यात वर नेलेला टॅप पावसाळ्यात कोणीतरी खाली आणलाच पाहिजे. नाहीतर मध्यरात्री लोड उतरला की 260 व्होल्ट घरात येऊ शकतात आणि फ्रिज जळू शकतो.

स्टॅबिलायझर घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. महागडे यंत्र वाचवायचे तर दुसरे काय करणार? पण स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही. 1,500 वॅटच्या एसीला 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर लागतात. तारेत 180 च असतील तर स्टॅबिलायझर आठहून अधिक ओढतो. तारेतली घट वाढते आणि ती शेजारच्या घराला भोगावी लागते.

बरेचसे एसी एकाच फेजवर पडले असतील, तर ती फेज दबते आणि दुसरीवर व्होल्टेज चढते. जोडण्या तिन्ही फेजवर सारख्या वाटायला नवा ट्रान्सफॉर्मर लागत नाही.

म्हणून वसाहतीने एकत्र येऊन वीज कंपनीकडे लेखी मागणी करावी. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत प्रत्येक फेजचा करंट आणि व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरपाशी व शेवटच्या खांबावर मोजावे आणि आकडे रहिवाशांना द्यावेत. ट्रान्सफॉर्मरपाशी 235 आणि शेवटी 195 निघाले, तर दोष तारेचा आहे. तिथे जाड केबल हवी, किंवा दुसरा ट्रान्सफॉर्मर त्या टोकाजवळ. त्याच जागी नुसता मोठा बसवून शेवटच्या घरांचे व्होल्टेज फारसे सुधारणार नाही.

— एक रहिवासी, स्मृति नगर, भिलाई