मोटारीचा डोळा

नव्या मोटारींच्या गुणवर्णनात अलीकडे एका सोयीची भर पडली आहे. रात्री समोरून वाहन आले की दिव्यांचा प्रखर झोत आपोआप खाली वळतो आणि वाहन निघून गेले की पुन्हा वर चढतो. चालकाने बोटही हलवावयास नको. अशी गाडी आपल्या समाजातील अनेक घरांच्या दाराशी उभी आहे, आणि ‘आता रात्रीच्या प्रवासाची चिंता मिटली’ असे उद्गारही आमच्या कानी येतात. ते आम्हांस घाईचे वाटतात.

कल्पना तशी जुनीच. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९५२ साली आपल्या काही गाड्यांत ‘ऑट्रॉनिक आय’ नावाचे यंत्र देऊ केले होते. पुढच्या काचेमागे बसविलेली ती प्रकाशनलिका समोरचा उजेड टिपून झोत खाली करी. उजेड गाडीचा की रस्त्यावरील खांबाचा, हे मात्र तिला उमगत नसे. आता तिच्या जागी आरशाजवळचा कॅमेरा आला आहे. तो पांढरे दिवे म्हणजे समोरून येणारे वाहन आणि तांबडे म्हणजे पुढे चाललेले, असा भेद करतो. प्रगती मोठी खरी. परंतु हाही डोळा मुख्यतः दिवेच पाहतो. ज्याला दिवा नाही, ते त्याच्या लेखी बहुधा नसतेच.

समा विभागातून सावलीकडे जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. महामार्ग ओलांडून वेमालीच्या पुढे गेले की शहराचे दिवे विरळ होतात आणि यंत्र वरचा झोत लावते. याच रस्त्याने मंजुसरच्या कारखान्यांतून पाळी संपवून सायकलीने परतणारे कामगार असतात. मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असते, रस्त्याच्या मधोमध निवांत रवंथ करणारी म्हैस असते. समोरून आलेल्या सायकलस्वाराच्या डोळ्यांवर झोत तसाच पडत राहतो; कारण त्याच्यापाशी दिवा नाही, म्हणून कॅमेऱ्याने दखल घेतली नाही. तो क्षणभर आंधळा होतो, आणि तोल जाऊन पडतो तो तोच. गाडीतील मंडळींना बहुधा पत्ताही लागत नाही. डाकोर-पावागडला रात्री पायी निघणाऱ्या यात्रेकरूंचीही हीच स्थिती. यंत्राच्या दृष्टीने त्यांच्यापुढे झोत खाली करण्याचे कारणच नसते.

महामार्गावर निराळाच प्रकार घडतो. दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल दाट वाढलेली असते. पलीकडच्या ट्रकचे दिवे त्या झाडीआड लपतात, परंतु चालक झाडीच्या वर, उंचावर बसलेला असतो. कॅमेऱ्याला दिवे दिसत नाहीत, झोत मात्र चालकाच्या डोळ्यांत शिरतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिव्याने डोळे दिपू नयेत म्हणून माप दिले आहे ते ८ मीटर अंतरावरच्या, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याचे. ट्रकचालकाचा डोळा त्याहून बराच वर असतो. वळणावर आणि पुलाच्या चढावर समोरची गाडी एकाएकी प्रकट होते. तेथेही यंत्र जागे होईपर्यंत थोडा वेळ जातोच. उलट, महामार्गावरील चकाकत्या हिरव्या पाट्यांना वाहन समजून ते कधी कधी विनाकारण झोत उतरविते.

यंत्राची बाजूही सांगावयास हवी. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर धावते. अडथळा दिसून ती थांबेपर्यंत सुमारे ७० मीटर जातात, आणि खालच्या झोताचा उजेड पुष्कळदा तेवढा पोचत नाही. मोकळ्या रस्त्यावर वरचा झोत हवाच. अमेरिकेतील चालक तो लावावयास विसरतात म्हणून तेथे या यंत्राचे कौतुक. आपल्याकडे रोग नेमका उलटा! लावलेला झोत उतरविण्याचे आपल्या लोकांच्या जिवावर येते. ट्रकच्या पाठीवर ‘डिपर’ची विनंती रंगवून पिढ्या गेल्या, तरी समोरच्याने ती ऐकावी हा योगच. शिवाय आपल्या रस्त्यांवर दिव्याची उघडझाप ही एक भाषा आहे. ‘थांबा’, ‘मी येतो’, ‘तुम्ही पुढे व्हा’ असे सारे काही तीत बोलले जाते. कॅमेऱ्याला ती येत नाही.

घरातील ज्येष्ठांचा विचार येथे वेगळा करावा लागतो. वयपरत्वे दिपलेले डोळे सावरावयास अधिक वेळ लागतो, आणि मोतीबिंदू असल्यास प्रत्येक दिव्याभोवती प्रकाशाचे कडे पसरते. अशा गृहस्थाने यंत्राच्या भरवशावर सुरतेहून रात्री निघू नये. त्याची गाडी समोरच्याचे डोळे कदाचित वाचवील, पण समोरून येणारा झोत तिला अडविता येत नाही.

पावसाळ्यात तर हे यंत्र बंदच ठेवावे. पुढची काच ओली, धुरकट वा चिखलाने माखलेली असली की कॅमेऱ्यालाही अंधुकच दिसते. २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात विश्वामित्रीच्या मगरी बडोद्याच्या रस्त्यांवर आल्या होत्या. मगरीलाही मागे तांबडा दिवा नसतो! गाडी घेतल्यावर तिच्यासोबतची पुस्तिका घरातील प्रत्येक चालकाने वाचावी. यंत्र कोणत्या वेगाला जागे होते आणि कोणत्या कळीने बंद होते, हे दिवसाउजेडी, गाडी उभी असतानाच पाहून घ्यावे. काच आतूनही पुसावी. आरशामागचा तेवढा भाग बहुतेक घरी राहून जातो.