कोंडा कोणाचा?

भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत कटला, रोहू, मृगळ वाढविणाऱ्या ढिवरांच्या सहकारी संस्थांना कारखान्याचे तयार खाद्य परवडत नाही. आणि त्याची निकडही नाही. शेणखताने पाण्यात प्लवक वाढतात, जोडीला भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड समभाग दिली की मासा पोसतो. पेंड महाग, हे खरे. पण कोंडा तर याच तलावांच्या पाण्यावर पिकलेल्या धानाचा! शासन धान खरेदी करते, भरडाईचे पैसेही देते; कोंडा मात्र गिरणीमालकाचा ठरतो आणि व्यापारी सांगेल त्या भावाने ढिवराच्या पदरी येतो. हा कोठला न्याय? भरडाईच्या करारातच कोंड्याचा काही हिस्सा ठरीव दराने मत्स्यसंस्थांसाठी राखला पाहिजे. खरेदीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच कार्यकर्त्यांनी ही मागणी जिल्हा पणन अधिकाऱ्यांपुढे मांडावी.