डोक्याला मार लागलेला प्राणी काय विसरतो?

वटारच्या रस्त्यावर गाडीच्या धडकेत कुत्र्याच्या डोक्याला मार लागला, तर तो शिकलेलं सगळं विसरेल का? अमेरिकेतल्या झोला-मॉर्गन आणि स्क्वायर या संशोधकांचा १९९० मधला माकडांवरचा प्रयोग इथे कामी येतो.

माकडांना वस्तूंच्या १०० जोड्या शिकवल्या. जोडीतली योग्य वस्तू निवडली की खाऊ मिळायचा. नंतर मेंदूतला हिप्पोकॅम्पस आणि त्यालगतचा भाग काढला. शस्त्रक्रियेच्या थोडंच आधी शिकलेल्या वस्तू माकडं विसरली. १२ आठवड्यांपूर्वी शिकलेल्या मात्र लक्षात राहिल्या. म्हणजे आठवण सुरुवातीला हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असते, पुढे मेंदूत इतरत्र पक्की होते.

कुत्र्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. पण अपघातानंतर नुकतंच शिकवलेलं तो विसरला, तर तो हट्ट नसून इजा असू शकते. रागावू नका, पशुवैद्याकडे न्या.