तीन उदास वाघ आणि झोपलेली मेंढी

‘माय फेअर लेडी’ हा १९६४चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना प्रोफेसर हिगिन्सची शिकवणी नक्की आठवत असेल. लंडनच्या रस्त्यावर फुले विकणाऱ्या एलायझाकडून स्पेनमधल्या पावसाविषयीचे एक वाक्य तो पुन्हा पुन्हा घोकून घेतो. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ रचले, त्यामुळे ही शिकवणी आपल्यालाही घरचीच वाटते. गंमत अशी, की हा चित्रपट स्पॅनिशमध्ये बोलू लागला तेव्हा तो पाऊस सबंध स्पेनवरून उचलून सेव्हिल शहरात पाडावा लागला. कारण त्या वाक्याचा जीव अर्थात नव्हताच. एकच ध्वनी जिभेवर पुन्हा पुन्हा घोळवण्यात होता.

स्पॅनिश ज्यांची मातृभाषा आहे, त्यांना इंग्रजी उच्चार शिकवताना अनेक शिक्षक हाच मार्ग धरतात. आपल्याकडे ‘कच्चा पापड, पक्का पापड’ असते, तशी जीभ वळवणारी वाक्ये ते मुलांना देतात. ही युक्ती जुनी आहे. लंडनच्या जॉन हॅरिस यांनी १८१३मध्ये पीटर पायपरच्या नावाने अशा वाक्यांचे एक छोटे पुस्तक काढले. त्यात प्रत्येक अक्षराला एक वाक्य होते आणि पुस्तकाच्या लांबलचक नावातच निर्दोष उच्चाराचे आश्वासन होते. युक्ती चांगली आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण ती बहुधा उलट्या टोकाने वापरली जाते, असे माझे मत आहे.

आधी अडचण काय ती पाहू. स्पॅनिशमध्ये स्वर अवघे पाच. इंग्रजीत त्याच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी हे दोन शब्द स्पॅनिश कानाला एकच वाटतात. हा फरक नुसता ऱ्हस्व-दीर्घाचा नाही. ‘शिप’ म्हणताना जीभ किंचित खाली आणि सैल असते. दुसरी अडचण ‘बी’ आणि ‘व्ही’ची. स्पॅनिशमध्ये दोन्ही अक्षरांचा उच्चार सारखाच. म्हणून शुद्धलेखन विचारताना तिकडे ‘गाढवाचा बी की गाईचा व्ही?’ असे विचारतात. तिसरी अडचण आपल्या ओळखीची आहे. ‘स’ला जोडाक्षर लागून शब्द सुरू झाला, की स्पॅनिश जीभ आधी ‘ए’चा पाट मांडते. शाळेला ‘एस्क्वेला’ म्हणणारा माणूस ‘स्कूल’लाही ‘एस्कूल’ म्हणणारच. आपल्या खेड्यांत ‘इस्कूल’ म्हणणाऱ्या आजीबाईंना त्याची अडचण चटकन कळेल!

आता शिक्षक काय करतात? समुद्रकिनारी शिंपले विकणाऱ्या बाईचे ते सुप्रसिद्ध वाक्य पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहितात आणि म्हणतात, ‘म्हणा, भरभर म्हणा.’ त्या वाक्यात ‘स’ आणि ‘श’ यांची अशी झुंज लावली आहे, की खुद्द इंग्रजाचीही बोबडी वळावी. बहुतेक स्पॅनिश भाषकांकडे मुळात ‘श’च नसतो. त्याऐवजी ते ‘च’ वापरतात. अशा मुलाची जीभ अडखळली, तर ती वाक्याच्या खोडीमुळे की त्याच्या सवयीमुळे, हे त्याला कळणार कसे? जो फरक कानाला ऐकू येत नाही, तो जिभेने वेगाने करून दाखवावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. आधी कान, मग जीभ आणि वेग सर्वांत शेवटी, असा क्रम हवा.

शिक्षकाने पाठ फिरवून ‘शिप’ किंवा ‘शीप’ म्हणावे आणि मुलांनी एक किंवा दोन बोटे दाखवावीत. बोटे चुकेनाशी झाली, की मग वाक्य द्यावे आणि तेही बेताचे. ‘द शीप स्लीप्स ऑन द शिप’, म्हणजे मेंढी जहाजावर झोपते, एवढे पुरे. त्यात ई-इचा फरक आहे आणि ‘स्लीप्स’मधला जोड ‘स’ही आहे. ते सावकाश, ताल धरून, सर्वांनी मिळून म्हणावे. मुले वेगवेगळ्या प्रदेशांतली असतील तर वाक्येही वेगळी हवीत. स्पेनच्या बहुतेक भागांतल्या मुलाला ‘थिंक’मधला, जीभ दातांत धरून काढायचा ध्वनी घरूनच येतो. मेक्सिकोचा मुलगा तिथे ‘स’ म्हणतो. एकच औषध दोघांना कशाला?

पण या वाक्यांचा खरा गुण याहून वेगळा आहे. ती सगळ्यांनाच पाडतात. परकी भाषा बोलताना मोठ्या माणसाला सर्वांत मोठी भीती हसे होण्याची असते. अमेरिकेत चार कोटींहून अधिक माणसे घरात स्पॅनिश बोलतात. त्यांतल्या कित्येकांना बँकेत, दवाखान्यात किंवा फोनवर एका स्वराने खाली मान घालायला लावले असेल. जिथे शिक्षकाचीही जीभ घसरते, तिथे चुकणे ही लाज राहत नाही, खेळ होतो. म्हणून माझी सूचना अशी, की वर्गात देवाणघेवाण असावी. स्पॅनिशमध्ये अशा वाक्यांना ‘त्राबालेंग्वास’ म्हणतात, म्हणजे जिभेला पायबंद घालणारी. गव्हाच्या शेतात गहू गिळणाऱ्या तीन उदास वाघांचे त्यांचे वाक्य इतके लाडके आहे, की क्यूबन कादंबरीकार गिएर्मो काब्रेरा इन्फान्ते याने आपल्या १९६७च्या कादंबरीला त्या वाघांचेच नाव दिले. ते वाघ मुलांनी शिक्षकाला शिकवावेत. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि थरथरत्या ‘र’चा ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. इंग्रज शिक्षकाचा कुत्रा ‘पण’ होऊन बसला, की वर्गातला सर्वांत बुजरा मुलगाही हसेल आणि पुढच्या खेपेला तोंड उघडेल.

हे हसणे मी क्षुल्लक मानत नाही. उच्चार हा खेळ न राहता परीक्षा झाला, की काय होते ते इतिहासात लिहिलेले आहे. बायबलमध्ये ‘शिब्बोलेथ’ हा शब्द ‘सिब्बोलेथ’ असा म्हणणाऱ्यांना नदीच्या उतारावर मारल्याची कथा आहे. तीही ‘स’ आणि ‘श’चीच गोष्ट. तिला फार जुनी म्हणून सोडून देता येत नाही. १९३७च्या ऑक्टोबरात डॉमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो याच्या हुकमावरून सीमेजवळच्या हजारो हैतियन लोकांची कत्तल झाली. सैनिक हातातली एक जुडी दाखवून तिचे स्पॅनिश नाव विचारत, असे सांगितले जाते. ते नाव ‘पेरेहिल’, एक साधी कोथिंबिरीसारखी भाजी. त्यातला ‘र’ ज्याला साधला नाही, तो परका ठरला.

आपल्या शाळांमध्ये कुणाचा जीव जात नाही, हे खरे. पण ‘न’ आणि ‘ण’वरून भर वर्गात ज्याची फजिती झाली, तो मुलगा पुढे किती वर्षे गप्प बसतो, हे आपणही पाहिले आहे. जीभ वळवणारे वाक्य हातात घेताना शिक्षकाने एवढेच ठरवावे, की आपण हिगिन्स व्हायचे नाही. उच्चार समजण्याजोगा झाला, की काम झाले. त्यात थोडे सेव्हिल, थोडे मेक्सिको उरले तर उरू द्यावे. मेंढी जहाजावर सुखाने झोपली, म्हणजे पुरे.