वाय गेला, नर राहिले

वाय गुणसूत्र झिजत चालले आहे, तेव्हा पुरुषजात आता चार दिवसांची सोबती, अशा आशयाची बातमी अधूनमधून छापून येते. आकडाही ठरलेला. एक कोटी वर्षे. त्या बातमीत एका उंदराचा उल्लेख आलाच, तर तो शेवटच्या ओळीत येतो. तो पहिल्या ओळीत हवा.

हा काटेरी केसांचा उंदीर जपानच्या दक्षिणेला अमामी ओशिमा बेटावर राहतो. नराच्या पेशीत 25 गुणसूत्रे, मादीच्याही पेशीत 25. संख्या विषम, कारण दोघांकडेही एक्स एकच आहे आणि वाय कोणाकडेच नाही. वायवरचे एसआरवाय जनुक 1990 साली माणसात सापडले आणि ‘नर घडवणारे जनुक’ म्हणून पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. या उंदराने ते कधीच गमावले आहे. तरी त्याच्या पिल्लांत नर जन्मतात, माद्याही जन्मतात.

हे कसे जमते, याचे उत्तर मिळायला 2022 साल उजाडले. होक्काइडो विद्यापीठातील आसातो कुरोइवा यांच्या गटाने नर आणि मादीचे जीनोम शेजारी ठेवून ताडून पाहिले. तिसऱ्या गुणसूत्रावर सुमारे 17 हजार अक्षरांचा डीएनएचा एक तुकडा नरात लागोपाठ दोनदा आलेला दिसला, तोही जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर. मादीत तो एकदाच आहे. या तुकड्यात प्रथिन बनवणारे जनुकही नाही. त्याच गुणसूत्रावर पुढे सॉक्स-9 हे जनुक आहे आणि त्याला चेतवण्याचे काम हा तुकडा करतो. यातला नियंत्रक भाग प्रयोगशाळेतल्या साध्या उंदराच्या मादी गर्भांत घालून पाहिला, तेव्हा तिथेही सॉक्स-9चा जोर वाढला.

वाय असलेल्या उंदरात, आणि आपल्यातही, एसआरवाय एवढेच तर करते. ते सॉक्स-9ला जागे करते. वृषण घडवण्याचे पुढचे सगळे काम सॉक्स-9 आणि त्याच्या हाताखालची जनुके करतात. ही मंडळी जुनी आहेत, कोट्यवधी वर्षे आपापल्या जागी आहेत. बदलत राहतो तो त्यांना हुकूम देणारा. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या अंड्यात तो हुकूम वाळूची ऊब देते. ऊब जास्त असेल तर पिल्लू मादी होते. अमामीच्या उंदरात तो हुकूम एका दुबार उतरलेल्या तुकड्याने आपल्याकडे घेतला. अब्जावधी अक्षरांच्या जीनोममध्ये 17 हजार अक्षरांची पुनरावृत्ती, आणि वायचे मुख्य काम भागले. वायवरची इतर काही कामाची जनुके एक्सवर मुक्कामाला गेली.

म्हणून वाय म्हणजेच नर, हे समीकरण आता सोडायला हवे. वाय हा नर घडवण्याचा एक मार्ग आहे. तो बुजला तर दुसरा निघू शकतो, आणि एका सस्तन प्राण्यात तो निघालेला आपल्यासमोर आहे. शिवाय माणसाचा वाय झपाट्याने झिजतो आहे, हेही खरे नाही. रीसस माकडाची आणि आपली वाट अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. तेव्हापासून आपल्या वायच्या जुन्या जनुकांपैकी फक्त एक हरवले, असे 2012 मध्ये दोन्ही वाय ताडून पाहिल्यावर दिसले.

अमामीचा हा उंदीर आज संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे, पण वाय गेल्यामुळे नव्हे. 1979 साली विषारी हाबू सापांचा बंदोबस्त म्हणून माणसांनी त्या बेटावर सुमारे 30 मुंगसे सोडली. साप रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. मुंगसांनी साप सोडून बेटावरचे उंदीर आणि ससे खाल्ले, आणि ती हजारोंनी वाढली. बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जपान सरकारने जाहीर केले ते 2024 मध्ये.