शाई पुसली, पुढे काय?

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झालं. एरंडोल परिसरातल्या खेड्यांतून एसटीने कॉलेजला येणाऱ्या कितीतरी मुलींचं ते पहिलं मत. निकालाचा गुलाल धुतला जातो, पण ‘तू कोणाला दिलंस?’ हा प्रश्न घरात आणि वर्गात उरतो. मैत्रिणी बोलेनाशा होतात. जातीवरून सुरू झालेले टोमणे मुलीच्या चारित्र्यावर घसरतात. आणि वातावरण तापलं की घरचे आधी मुलीचंच कॉलेज बंद करतात.

मत गुप्त ठेवणं हा तिचा हक्क आहे, हे प्राध्यापकांनी वर्गात सांगायलाच हवं. पण तेवढ्याने भागणार नाही. अठराव्या वर्षी आमदार निवडणाऱ्या मुलीला कॉलेजच्या कारभारात मत कुठे आहे? १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या, गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने त्या परत आणल्या. २०१९ मध्ये व्हायच्या होत्या, त्या विधानसभा निवडणुकीपायीच लांबणीवर पडल्या!

एक दार मात्र उघडं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत तक्रार समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तेव्हा, तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावे लागतात, आणि तेही निवडून आलेले. मैत्रिणींनो, आपल्या गावच्या कॉलेजात ही निवड झाली का, हे प्राचार्यांना भेटून विचारू या. प्रतिनिधी आपण निवडलेली असली, की तक्रार घेऊन जाणाऱ्या मुलीचे पाय दारात अडखळत नाहीत.