बुद्धांना पळपुटे ठरविणारी गोष्ट

एक म्हातारा, एक रोगी, एक प्रेत आणि एक संन्यासी. एवढे दृष्टीस पडले आणि कपिलवस्तूचा राजपुत्र मध्यरात्री झोपलेली पत्नी व तान्हे मूल टाकून निघून गेला! ही कथा पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ऐकविली जाते आणि पुढे तिच्याच आधारे विद्वान निष्कर्ष काढतात की, बुद्धांचा धम्म म्हणजे जीवनाला भ्यालेल्यांचा दुःखवाद. एकोणतीस वर्षांच्या क्षत्रिय तरुणाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे पटते तरी कसे?

हा प्रश्न मराठीत फार पूर्वीच विचारला गेला आहे. गोव्यात जन्मलेले आचार्य धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांनी मूळ पाली ग्रंथांकडे बोट दाखविले. दीघनिकायातील महापदान सुत्तात ही दृश्ये आहेत. परंतु ती विपस्सी नामक पूर्वीच्या बुद्धाच्या चरित्रातली! गौतमांचे स्वतःचे कथन मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात येते. आई-वडील अश्रू ढाळीत असताना केस उतरवून आपण घर सोडले, असे ते तेथे सांगतात. यात चोरी कोठे आली? अत्तदंड सुत्तात तर माणसे एकमेकांवर शस्त्र उगारताना पाहून आलेला उद्वेग स्पष्टच आहे. कोसंबींनी त्यामागे शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पाहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चार दृश्यांची कथा नाकारून हाच तंटा गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. तरीही म्हातारा, रोगी आणि प्रेत काही हटत नाहीत. (गोष्ट सोयीची असली की पुरावा कोणाला हवा असतो?)

आता दुःखवादाविषयी. सारनाथच्या मृगवनात पाच जुन्या सहकाऱ्यांपुढे बुद्धांनी आरंभीच दोन टोके त्याज्य ठरविली : भोगविलास आणि देहदंडन. त्यानंतर चार आर्यसत्ये आली. दुःख आहे, तृष्णा हे त्याचे कारण आहे, त्याचा निरोध शक्य आहे आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे. टीकाकार पहिल्या सत्यावरच ग्रंथ मिटून बसतात. रोगाचे निदान करून औषध देणाऱ्या वैद्याला रोगप्रेमी म्हणावे, तसलाच हा न्याय! एकोणिसाव्या शतकातील बार्तेलेमी-सेंतिलेर यांच्यासारख्या युरोपीय पंडितांनी निर्वाण म्हणजे शून्यात विलीन होणे, असा अर्थ लावला आणि तोच आपल्याकडे पोपटपंचीने फिरत राहिला. वास्तविक उच्छेदवाद बुद्धांनी नि:संदिग्ध शब्दांत नाकारला होता.

शिवाय हा मार्ग काही डोळे मिटून बसण्याचा नव्हे. सम्यक् आजीविका हे त्याचे एक अंग. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार उपासकाला वर्ज्य. कूटदंत सुत्तात बुद्ध एका प्राचीन राजाची कथा सांगतात. राज्यात चोरांचा सुळसुळाट झाला असता पुरोहित त्याला बजावतो की, फाशी आणि कैदेने तो थांबायचा नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे. संघाचे दारही असेच उघडे होते. उपाली न्हावी शाक्य राजकुमारांच्या आधी दीक्षित झाला, तो त्या कुमारांच्याच आग्रहावरून. ज्येष्ठ म्हणून वंदन त्याला करावे लागावे आणि शाक्यांचा कुलाभिमान उतरावा यासाठी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा मिळाला. अभिनंदनाचे फलक लागले. सुत्तपिटक उघडायचे मात्र राहिलेच.

ज्यांना बुद्ध राज्यव्यवहारापासून पळालेले वाटतात, त्यांनी निदान महापरिनिब्बान सुत्ताचा प्रारंभ वाचावा. वज्जींचे गणराज्य जिंकू पाहणाऱ्या अजातशत्रूने आपला मंत्री वस्सकार याला राजगृहाजवळील गृध्रकूटावर धाडले. बुद्ध आधी त्याच्याशी थेट बोलले नाहीत. ते आनंदाला विचारीत गेले. वज्जी वरचेवर सभा भरवितात काय? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात काय? वडीलधाऱ्यांचा मान राखतात काय? स्त्रियांवर बळजबरी तर करीत नाहीत ना? असे सात प्रश्न झाले, आणि हे सातही नियम वज्जी पाळीत आहेत तोवर त्यांची भरभराटच होईल, असा निर्वाळा मिळाला. वस्सकार चतुर होता. वज्जी रणांगणात हरायचे नाहीत, त्यांच्यात फूटच पाडावी लागेल, एवढे ओळखून तो माघारी फिरला.